नवीन कर्मणी

मराठी माध्यमाच्या मुलांना ‘पॅसिव्ह व्हॉइस’ शिकवताना ‘कर्मणी प्रयोग’ हा शब्द मी तोंडातून निघू देत नाही. गाइडांमध्ये हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी छापलेले असतात, आणि घात तिथेच होतो. मुलं तर्क चालवतात. ‘रामाने बर्फी खाल्ली’ हा कर्मणी प्रयोग, हे मराठीच्या तासाला शिकवलेलं. तेव्हा ‘राम एट द बर्फी’ हे पॅसिव्ह. तर्कात खोट काढायला जागा नाही. पण मराठीतला प्रयोग एवढंच पाहतो की क्रियापद कोणाचं ऐकतं. बर्फी खाल्ली, पेढा खाल्ला, केळं खाल्लं. खाणारा राम असो की सीता, क्रियापद त्यांना जुमानत नाही. इंग्रजीतल्या व्हॉइसला या जुळणीशी फारसं देणंघेणं नाही. वाक्यात पुढे कोणाला बसवायचं, हा त्याचा प्रश्न.

त्यात आमचा विदर्भ. भंडारा-गोंदियाकडून नागपुरात शिकायला आलेलं पोर सहज म्हणून जातं, ‘मी काम केलो.’ पुस्तकी मराठीत तिथे ‘केलं’ हवं. त्याच्या बोलीत क्रियापद ‘मी’चंच ऐकतं. म्हणजे पुस्तकातला कर्मणी प्रयोगच त्याला परका, आणि त्यावर आपण इंग्रजीचा मजला चढवायला निघालो. मला ते ‘केलो’ खोडवत नाही. फळ्यावर ‘केलो’ आणि ‘केलं’ शेजारी लिहिले की क्रियापदाचं जुळणं म्हणजे काय, हे वर्गाला चटकन दिसतं.

पॅसिव्हचा जवळचा भाऊ मराठी व्याकरणात आहे. ‘रावण रामाकडून मारला गेला’ या धाटणीच्या वाक्यांना शालेय पुस्तकं ‘नवीन कर्मणी’ म्हणतात. नवीन, कारण हे वळण इंग्रजीकडून आलं असं मानतात. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ चं, मोरो केशव दामल्यांचं १९११ चं. मधल्या पाऊणशे वर्षांत एका हाताला संस्कृतची परिभाषा आणि दुसऱ्या हाताला इंग्रजी व्याकरणाचे साचे, असं धरून आपल्या भाषेची मांडणी झाली. मुलांच्या डोक्यात होणारी गल्लत तेव्हापासून पुस्तकांच्या पोटात आहे.

‘नवीन कर्मणी’ हे नावही मी आधी सांगत नाही. आधी पेपरातली सूचना कापून आणायला लावते. ‘दुरुस्तीच्या कामामुळे पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल.’ कोण बंद ठेवणार? वर्ग वाक्यात माणूस शोधतो, सापडत नाही. मग मी विचारते, खिडकीची काच कोणी फोडली? ‘मॅडम, काच फुटली,’ असं मागच्या बाकावरून येतं आणि सगळे हसतात. ‘द ग्लास वॉज ब्रोकन’ फळ्यावर लिहायची हीच वेळ. ‘बाय’ लावून कर्ता शेवटी आणता येतो, आणि अडचणीचा असेल तर गाळता येतो, हे ज्याने काच फोडली त्याला सगळ्यांत लवकर कळतं. ‘रेन अँड मार्टिन’च्या वाटेनं जाणारे आधी व्याख्या देतात, मग नियम, मग वाक्यांची रांग. त्या रांगेतून मुलं न अडखळता पार होतात. पण कुणी असं वाक्य मुळात कशाला लिहील, हा प्रश्न त्यांना पडतच नाही.

अलंकारांचं एवढं अवघड नाही, तिथे मुलं रमतात. दहावीला कवितेचं रसग्रहण लिहायचं असतं आणि अलंकार दाखवायचा असतो. सगळ्यांचा भरवसा ‘अलिटरेशन’वर. एका अक्षरानं सुरू होणारे दोन शब्द दिसले की काम झालं. मेटाफरला मात्र कुणी हात लावत नाही, आणि लावला तर रूपकाची व्याख्या घेऊन लावतात. रूपकात उपमेय समोर असावं लागतं. मेटाफर ते खुशाल गिळून टाकतो. आपल्या शास्त्रात त्या गिळण्याला अतिशयोक्तीच्या घरात बसवलंय. हे दहावीत सांगत बसायचं नसतं, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

निबंधाचे शब्द सर्वांत निरुपद्रवी वाटतात: इंट्रोडक्शन, बॉडी, कन्क्लूजन, टॉपिक सेंटेन्स. यांनीच मुलांचे निबंध एकसारखे केले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली निबंधमाला काढली. जॉन्सन, मेकॉले त्यांच्या वाचनातले. तरी लेखणी तीन खणांत बसली नाही. आमच्याकडे सण कोणताही असो, सुरुवात ‘इंडिया इज अ लँड ऑफ फेस्टिव्हल्स’नेच.

एका मुलीनं मारबतीच्या मिरवणुकीवर लिहिलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गर्दी, बडग्यांचे पुतळे, ‘घेऊन जा गे मारबत’चा गलका, आजीला खांद्यांवरून काहीच दिसत नव्हतं ते. तिसऱ्या परिच्छेदात अचानक एक वाक्य: वर्षभर ज्यांच्यावर ओरडता येत नाही, त्यांच्यावर आम्ही या दिवशी ओरडतो. इंग्रजी मोडकं होतं, पण सगळा निबंध त्या वाक्यावर उभा होता. मी त्याखाली रेघ ओढून बाजूला लिहिलं, ‘टॉपिक सेंटेन्स’. तिनं विचारलं, मग ते वर नेऊ का? मी म्हटलं, राहू दे तिथंच. बोर्डाच्या पेपरात मात्र पहिल्या ओळीत लिही, तपासणाऱ्याला घाई असते.