शीर्षकाची समर्पकता

गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आम्ही वर्गात बरीच वर्षे शिकवीत आलो. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या या पुस्तकाला अभ्यासक्रमात जागा मिळाली ती ‘अनुभवकथन’ या खणात. साहजिकच निवेदनशैली, प्रांजळपणा, भाषेचा साधेपणा हे मुद्दे आम्ही फळ्यावर लिहीत राहिलो. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेऊन त्यापायी बायकोसह त्याच्याकडे राबणारा वारली तो ‘लग्नगडी’, हे तळटिपेसारखे एका वाक्यात उरकता येते. आम्ही ते तसेच उरकीत होतो.

एका वर्षी तलासरीकडच्या एका विद्यार्थ्याने आम्हाला मध्येच थांबविले. चर्चा शीर्षकाची होती. तो म्हणाला, “सर, माझी पणजी झोपलेली नव्हती. तिला कोणी झोपूच देत नव्हतं.” वर्ग हसला. आम्हीही हसलो, आणि ते हसणे आम्हाला पुढे फार दिवस टोचले.

पुस्तक पुन्हा काढले. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन भरले, त्याला काही वारली गेले. मे महिन्यात झरीच्या सभेत वेठ न करण्याचा निर्धार झाला. अवघ्या चार महिन्यांत! गाढ झोपेतली माणसे इतक्या लवकर उठत नसतात. अन्याय त्यांना ठाऊकच होता. जमीनदाराचा हात धरता येतो, हे लाल बावट्याने दाखविले. चळवळीचे हे ऋण मोठेच आहे. पण नेते बाहेरून येतात आणि ‘जागृती’ करतात, ही मांडणी आम्हा मध्यमवर्गीयांना फार सोयीची, कारण तीत आपण नेहमी जागे असतो.

त्याच वर्षी गवतकापणीच्या मजुरीचा लढा सुरू असताना गोदावरीबाईंच्या जिवाला धोका असल्याची खोटी आवई उठविण्यात आली. त्यांना वाचवायला लोक रातोरात तलवाड्याला जमले. १० ऑक्टोबरला तेथे पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. जागे करणाऱ्या बाईंच्या रक्षणासाठी धावून आलेली ही माणसे!

त्या विद्यार्थ्याला ही तारीख तोंडपाठ होती. दरवर्षी निघणाऱ्या हुतात्म्यांच्या मिरवणुकीत तो लहानपणापासून चालत आला होता. या लढ्यावर पुस्तक आहे, हे मात्र त्याला आमच्या वर्गात कळले.

वार्षिक परीक्षेत प्रश्न आला : ‘शीर्षकाची समर्पकता स्पष्ट करा.’ प्रश्नपत्रिका आम्हीच काढली होती.