मांडीतून मनगटाकडे

१९८९ साली आमच्या साताऱ्याकडच्या गावात अँजिओग्राफीला सगळे 'हृदयाचा फोटो' म्हणत. आमच्या अण्णांचा फोटो मुंबईला काढायचाय ही बातमी गावभर व्हायला एक सकाळ पुरली आणि संध्याकाळी ओटा माणसांनी भरला. कुणी अंगारा आणला, आत्यानं नवस बोलून टाकला. शेजारच्या नानांच्या मेव्हण्याचं परळला ऑपरेशन झालं होतं. नाना दोन तास त्याच्या टाक्यांचं वर्णन करत बसले.

तपासणी वेगळी आणि ऑपरेशन वेगळं, हे कुणाच्या गावीही नव्हतं. फोटोनंतर बायपास ठरलेलीच, असा सगळ्यांचा समज होता, आणि तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. माणसाच्या हृदयाच्या धमनीत पहिला स्टेंट बसला १९८६ साली, तोही युरोपात. आपल्याकडे गोळ्या, नाहीतर छाती उघडायची. फुग्यानं धमनी रुंदावण्याचे उपचार मोजक्याच ठिकाणी होत.

तारीख मिळेपर्यंत बरेच आठवडे गेले. तेवढ्यात अण्णांनी सोसायटीच्या कर्जाचे कागद काढून मला समजावले, विहिरीतला आपला हिस्सा किती ते सांगितलं. भीती वाटते असं मात्र एकदाही म्हणाले नाहीत.

मुंबईत तर त्यांना काही विचारायचीही सोय उरली नाही. "पेशंटला सांगू नका, टेन्शन घेतील," असा तेव्हाचा शिरस्ता. डॉक्टर माझ्या काकांशी बोलायचे, काका व्हरांड्यात आमच्याशी, आणि ज्याच्या हृदयाचा प्रश्न तो माणूस खाटेवर छताकडे बघत पडलेला. नळी जांघेतल्या धमनीतून घातली. नंतर तिथून रक्त येऊ नये म्हणून जांघेवर वाळूची पिशवी ठेवली आणि सहा तास पाय वाकवायचा नाही, असं बजावलं. आत जे दिसलं ते सिनेमासारख्या फिल्मवर उतरलेलं. ती धुऊन, प्रोजेक्टरवर बघून डॉक्टर काय ते सांगणार. तोवर वाट बघायची.

त्या सहा तासांत अण्णा चादर दोन्ही हातांनी घट्ट धरून पडले होते. दुखत असेल, असं आम्हाला वाटलं. खरं कारण त्यांनी फार वर्षांनी सांगितलं. धमन्या फोटोत दिसाव्यात म्हणून नळीतून डाय सोडल्यावर छातीतून कमरेखाली गरम लाट गेली आणि आपल्याला लघवी झाली, असं त्यांना वाटलं. चार परकी माणसं भोवती, त्यात एक नर्स. तालमीत वाढलेला माणूस लाजेनं मेला. सुईचं, नळीचं, बायपासचं भय त्या एका लाजेपुढे फिकं पडलं होतं. प्रत्यक्षात काहीच झालेलं नव्हतं. ही ऊब बहुतेकांना जाणवते आणि काही सेकंदांत जाते. जुन्या प्रकारचे डाय तर आत्ताच्यापेक्षा बरेच जास्त झोंबायचे. पण हे त्यांना आधी कुणी सांगितलंच नाही.

आता माझी पाळी आली तेव्हा मुंबई गाठावी लागली नाही. जिल्ह्याच्या गावातच कॅथलॅब आहे. टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालायची तपासणी, पॉझिटिव्ह आली आणि लगेच दोन दिवसांनी अँजिओ ठरली. गाव गोळा व्हायला वेळच नव्हता. ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं आली, तेवढंच. रात्री मी आणि मोबाइल. एका व्हिडिओत सगळं सोपं, तर दुसऱ्यात माणूस टेबलावरच गेलेला. गंभीर गुंतागुंत शंभरात एकालाही होत नाही, हे वाचलं. पण रात्री दोन वाजता तो एक आपणच असतो.

सकाळी टेबलावर घेतल्यावर टेक्निशियन पोरगा कानाशी वाकून म्हणाला, "काका, आता अंग गरम वाटेल. लघवी झाल्यासारखं वाटेल. होत नाही. दहा सेकंद." लाट आली तशी गेली. घाबरायचं राहूनच गेलं, कारण मी मनात आकडे मोजत होतो. रात्रभर वाचलेल्या माहितीनं जे केलं नाही ते त्या चार वाक्यांनी केलं. अण्णांना हीच चार वाक्यं मिळायला हवी होती. त्या वाक्यांना ना यंत्र लागतं ना पैसा.

नळी मनगटातून गेली होती. मनगटातून अँजिओग्राफी करता येते, हे कॅनडातल्या ल्यूसियाँ कांपो यांनी प्रसिद्ध केलं १९८९ साली, म्हणजे अण्णा वाळूच्या पिशवीखाली पडले होते त्याच वर्षी. मध्येच डॉक्टर म्हणाले, "खोका." त्यालाही इतिहास आहे. १९५८मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला मेसन सोन्स यांच्या हातून डाय चुकून थेट हृदयाच्या धमनीत गेला, ठोके थांबले. त्यांनी रुग्णाला खोकायला लावलं आणि हृदय पुन्हा चालू झालं. आजची अँजिओग्राफी त्या अपघातातून निघाली.

पाऊण तासात मी बाहेर, मनगटावर हवेचा पट्टा, हातात चहा. माझं गोळ्यांवर भागलं.

पण घाईचीही वेगळी भीती असते. पूर्वी फिल्म धुऊन येईपर्यंत विचाराला सवड होती. आता पेशंट टेबलावर असतानाच नातेवाइकांना आत बोलावतात, पडद्यावर ब्लॉक दाखवतात आणि स्टेंट टाकायचा का, ते दहा मिनिटांत सांगा म्हणतात. २०१७मध्ये सरकारनं स्टेंटच्या किमतीला कमाल मर्यादा घातली, महात्मा फुले योजनेचंही कार्ड चालतं, त्यामुळे रान विकायची वेळ सहसा येत नाही. तरी ब्लॉक निघाला तर काय करायचं, त्याच वेळी की नंतर, हे आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारून घरात ठरवलेलं असलं की ती दहा मिनिटं जड जात नाहीत.

आमच्या गल्लीतल्या बापूची मंगळवारी अँजिओ आहे. गरम लाटेचं, खोकण्याचं, तोंडाजवळ फिरणाऱ्या कॅमेऱ्याचं त्याला आधीच सांगून ठेवलंय. मेव्हण्यांच्या टाक्यांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना त्याच्या दारातूनच परत पाठवतोय. दवाखान्यात पास एकच मिळतो, तो वहिनींना. आम्ही तिघं-चौघं खाली टपरीवर बसणार आहोत. तसं काही काम नाही तिथं, पण आम्ही खाली आहोत हे बापूला माहीत असेल.