मागची बाजू

अंतराळाचं तिकीट कुणी दाखवायला आणलं की मी ते आधी चिमट्यानं उलटं करतो. आणणारा हिरमुसतो. त्याला गागारिन दाखवायचा असतो, मला डिंक बघायचा असतो.

साठ-सत्तरच्या दशकांत अजमान, फुजैरा असल्या आखाती अमिरातींच्या नावानं यानांची चकचकीत तिकिटं ढिगानं छापली गेली, ती संग्राहकांना विकायलाच. कोपऱ्यात सुबक शिक्का आणि मागे डिंक जसाच्या तसा. म्हणजे टपालाच्या थैलीत ती कधी पडलीच नाहीत. शाळेत असताना मीही खाऊचे पैसे त्यांवर उधळले. आता ती एका वहीत पडून आहेत.

माझं लाडकं तिकीट वीस पैशांचं आहे. माणूस चंद्रावर उतरला म्हणून 19 नोव्हेंबर 1969 ला निघालेलं, नाशिक रोडला छापलेलं. साध्या पत्राला तेव्हा वीसच पैसे लागत, त्यामुळे हा चंद्र घरोघरी गेला. माझ्याकडचं आईनं बल्लारपूरहून माहेरी, अहेरीला धाडलेल्या पत्रावरचं. मामा आलेली पत्रं तारेत टोचून ठेवायचे. तार नेमकी तिकिटातून आरपार गेली. बाजारात त्याला कवडीची किंमत नाही. अमेरिकेच्या दहा सेंटच्या तिकिटाचा मूळ साचा अपोलो 11 मधून चंद्रापर्यंत जाऊन आला होता म्हणतात ते खरंच आहे. माझ्या तिकिटानं अहेरी गाठली, मला तेवढं पुरतं.

3 एप्रिल 1984 ला राकेश शर्मा सोयुझ टी-11 मधून निघाले, त्याच तारखेचं आपलं तिकीट तीन रुपयांचं. गावातल्या गावात किंवा चंद्रपूरला पत्र टाकायला तेव्हा एवढं कोण लावणार? म्हणून ते कोरंच जास्त दिसतं. कोरं सांभाळणं आमच्या पावसाळ्यात जिकिरीचं. डिंक ओलावतो, पानाला धरतो. मी पाठीवर टाल्कम पावडरीचा हलका हात फिरवतो. जाणकार नाकं मुरडतात, मुरडोत.

चंद्राच्या तिकिटाशी मात्र मी वाईट वागलो. पाकीट कोमट पाण्यात घातलं, तिकीट सुटलं, टीपकागदावर वाळवलं आणि लगदा झालेलं पाकीट टाकून दिलं. शिक्क्याचा अर्धा भाग त्यावरच होता, तारखेसकट. आईचं अक्षरही.

तुमच्याकडे माळ्यावर तारेत टोचलेली पत्रं असतील तर तिकिटं कापू नका, भिजवू नका. अख्खं पाकीट ठेवा, भोकासकट.