हिवाळ्यातले यजमानपण

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांच्या ज्या मुलखाला आम्ही झाडीपट्टी म्हणतो, तेथे हिवाळा हा विसाव्याचा ऋतू नव्हे, तो माणसांच्या येण्याजाण्याचा ऋतू होय. भाऊबीज उलटली आणि बांधीतले धान कापून पुंजणी रचली गेली, की गावोगाव मंडई भरते, दिवसा शंकरपट रंगतो, आणि रात्री दहाच्या सुमारास नाटकाचा जो पडदा वर जातो तो पूर्वेला तांबडे फुटेपर्यंत उतरत नाही. होळीपर्यंत हा क्रम अखंड चालतो. वडसा येथील नाटक कंपन्यांच्या कचेऱ्यांतून या अवधीच्या तारखा मुक्रर होतात आणि कित्येक नटांची, वादकांची, नेपथ्य वाहून नेणाऱ्या मजुरांची वर्षाची भाकरी त्यांवर अवलंबून असते. याच रंगभूमीवर आयुष्य वेचलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्याच ओसरीवर सन्मान चालून आला असे या भागातल्या घराघराला वाटले.

परंतु मला येथे सांगायचे आहे ते रंगमंचाविषयी नव्हे, त्या रात्रीच्या घरांविषयी. ज्या गावी नाटक असते त्या गावचे प्रत्येक घर, मग ते कौलारू असो वा गवताचे, त्या दिवशी यजमान होते. सासरी गेलेल्या लेकी लेकरांसह येतात, व्याही येतात, व्याह्यांचे शेजारीही येतात; दुपारी एखाद्या सोयरिकीची बोलणी निघतात; लाखोळीच्या डाळीचे वडे तळले जातात; ओसरीवर तणीस अंथरून त्यावर जाजमे पसरली जातात; आणि घरातल्या अगदी लहान मुलालाही काही ना काही हुकूम सुटतो. माझ्याकडे मंडपात सतरंजी टाकून पाहुण्यांची जागा राखण्याचे काम असे. नाटक मी पुष्कळदा झोपेतच पाहिले, पण ती सतरंजी मी कधी कोणाला सरकवू दिली नाही.

पुढे शिक्षणासाठी जर्मनीत असताना नाताळची सुट्टी मला तेथेच काढावी लागली. वसतिगृह हां हां म्हणता रिकामे झाले, भोजनगृहाला कुलूप लागले, आणि चोवीस डिसेंबरच्या दुपारनंतर दुकानेही मिटली. दुपारी साडेचारच्या आतच अंधार पडे. सगळ्या मजल्यावर मी आणि रुमानियाच्या उत्तरेकडील मारामुरेश प्रांतातला एक तरुण, असे दोघेच उरलो. त्याचाही प्रदेश अरण्याचा, लाकडी देवळांचा. आणि तेथलीही तरुण मंडळी रोजगारासाठी इटलीत, स्पेनमध्ये, जर्मनीत पांगलेली, नाताळला मात्र शेकडो कोसांवरून घरी परतणारी. त्याच्या गावी नाताळच्या पूर्वरात्री तरुणांच्या टोळ्या मंगलगीते गात दारोदार फिरतात आणि प्रत्येक घर त्यांना सफरचंदे, अक्रोड आणि कड्याच्या आकाराचे पाव देते. या प्रथेची युनेस्कोने २०१३ साली मानवजातीच्या वारशात गणना केली. त्या गायकांसाठी दार उघडणे हे त्याचे लहानपणापासूनचे काम होते, असे त्याने सांगितले, आणि सांगता सांगता तो खिडकीकडे वळला.

आम्हांला कोणी विचारले नाही असे मुळीच नव्हे. एका प्राध्यापकांच्या कुटुंबाने नाताळच्या दुसऱ्या दिवशी आम्हां दोघांना अगत्याने जेवायला बोलावले, पानाशी आमच्या नावांच्या चिठ्ठ्या ठेवल्या, निघताना हातात मिठाईची पुडकी दिली. त्या सौजन्याचे ऋण मी आजही मानतो. तरीही परतताना आम्ही दोघे जाताना होतो त्याहून अधिक उदास होतो. घराच्या ओढीने व्याकूळ झालेल्या माणसाला चांगले अन्न, ऊब आणि गोड शब्द मिळाले की त्याचे दुःख शमते, असा सार्वत्रिक समज आहे. मला तो अपुरा वाटतो. त्या घरी आम्हांला सर्व काही मिळाले, काम तेवढे मिळाले नाही. ताट उचलायला गेलो तर यजमानीणबाईंनी प्रेमाने हात धरून पुन्हा बसवले. परदेशात मनुष्य निरंतर पाहुणा असतो, आणि निरंतर पाहुणा असणे ही एक प्रकारची वंचना आहे. कारण आपल्यावाचून कोणाची तरी सोय अडेल ही जाणीव त्याच्यापासून हिरावली जाते.

दोन दिवसांनी माझ्या सोबत्याने कोबीची पाने उकडून त्यांत भात आणि मांस भरून त्याच्या देशी सणाला करतात ते सारमाले रांधले. तांदूळ आमच्या बांधीतला, आईने बांधून दिलेला. रात्रपाळीचा पहारेकरी आणि दुसऱ्या इमारतीत अडकून पडलेले दोन विद्यार्थी यांना आम्ही बोलावले. खुर्च्या अपुऱ्या पडल्या म्हणून मी माझ्या खोलीतली चादर जमिनीवर पसरली आणि कोणी कोठे बसावे ते सांगू लागलो. भिंतीवरच्या घड्याळात सायंकाळचे साडेपाच वाजले होते. म्हणजे वडशाकडे रात्रीचे दहा, पडदा वर जाण्याची वेळ. त्या सुट्टीत माझे मन प्रथमच स्वस्थ झाले.

आज आमच्याच जिल्ह्यांत परमुलखातली पुष्कळ माणसे हिवाळा काढतात. भामरागड, एटापल्लीला बदलून आलेले शिक्षक आणि परिचारिका, दूरच्या राज्यांतून बंदोबस्तासाठी आलेले जवान, २०११ साली गडचिरोलीत स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठात शिकणारी आणि सुट्टीतही खोलीवरच राहणारी मुले. कित्येकांना सणाची रजा मिळत नाही. यांना नाटकाला आपण बोलावतोही, आणि मोठ्या मानाने पुढच्या खुर्चीवर नेऊन बसवतो. माझी विनंती इतकीच आहे की त्यांना तेथेच बसवून ठेवू नका. त्यांना दुपारपासून घरी येऊ द्या, वड्यांची परात त्यांच्या हाती द्या, उशिरा पोचलेल्या पाहुण्यांसाठी तणीस अंथरायला सांगा, आणि त्यांनी अनमान केला तर घरच्या मुलाला रागे भरतो तसे हक्काने रागे भरा.