क्षार समुद्राच्या उतारावर ट्रॅक्टोरोन

दिमोनाहून २५ नंबरच्या रस्त्याने पूर्वेकडे निघाले की थोड्याच वेळात कान बंद व्हायला लागतात. दिमोना समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे आणि क्षार समुद्राच्या दक्षिण टोकाला, नेओत हाकिकारच्या बाजूची जमीन समुद्रसपाटीच्याही साडेतीनशे मीटर खाली. म्हणजे उतार झाला नऊशे मीटरांचा. मुंबईच्या मंडळींना सांगायचे तर खंडाळ्याचा घाट उतरून कर्जतला यावे, त्याच्या दीडपट. फरक एवढाच की घाटात हिरवळ आणि धबधबे, आणि इथे एक झाड दिसले तरी मुले बोट दाखवतात.

गेल्या हनुक्काच्या सुट्टीत आम्ही दिमोना आणि अश्दोदची मिळून नऊ माणसे या भागात गेलो होतो. एक जीप, एक मोटार, आणि जीपच्या मागे ट्रेलरवर भाच्याचा ट्रॅक्टोरोन. बालमित्रांनो, तुम्हाला हा शब्द ठाऊकच आहे. आजी-आजोबांसाठी सांगतो : चार जाड चाकांची, मोटारसायकलसारखे हँडल असलेली, वाळूत-दगडात चालणारी गाडी. हिची रेस मुठीत नसते, उजव्या अंगठ्याने दाबायची असते. अंगठा उचलला की इंजिन हळू होते, पण चालू राहते. निदान राहायला हवे. याच हळू चालण्याला आपले मेकॅनिक ‘आयडलिंग’ म्हणत, आणि त्या दिवशी सगळे घोडे तिथेच अडले.

पक्का रस्ता सोडून आम्ही खुणा केलेल्या मातीच्या वाटेला लागलो. या वाटांवर दगडांवर रंगाचे पट्टे असतात, पांढरा, मध्ये एक रंग, पुन्हा पांढरा. गाड्यांनी खुणेची वाट सोडायची नाही, कारण इथल्या जमिनीवर उठलेला चाकाचा ओरखडा वर्षानुवर्षे मिटत नाही. हिवाळ्यात आणखी एक पथ्य : आकाश निरभ्र असले तरी हवामानाचा अंदाज पाहून निघावे. पाऊस दूर वर डोंगरात पडतो आणि पूर इथे वादीत येतो.

या उतारावरची माती पाहण्यासारखी आहे. पांढरी-करडी, पातळ पातळ थरांची, जणू कोणी चपात्यांची चळत रचून ठेवली आहे. सुमारे ७०,००० ते १५,००० वर्षांपूर्वी इथे क्षार समुद्रापेक्षा पुष्कळ मोठे सरोवर होते. त्याला लिसान सरोवर म्हणतात. त्याच्या तळाशी बसलेला हा गाळ. हातात चुरला तर मैद्यासारखा. फोटोला छान, पण गाडीच्या हवेच्या जाळीला वाईट. पुढे जीप गेली की मागच्या ट्रॅक्टोरोनला दहा मिनिटे नुसता मैदा खावा लागतो.

दिमोनाला सकाळी थंडीत ट्रॅक्टोरोन चोक ओढल्यावर सुरू झाला होता. चोक आत ढकलला की धापा टाकत होता. भाचा म्हणाला, “थंडीमुळे. खाली ऊन आहे, होईल ठीक.” खाली ऊन होते, पण ठीक झाले नाही. पहिल्याच मोठ्या उतारावर त्याने अंगठा उचलला आणि इंजिन गपकन बंद पडले. चढावर बंद पडलेली गाडी फार तर थांबते. उतारावर मात्र इंजिन गाडीला मागे ओढून धरते, आणि अशा पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गाडीत ते बंद पडले की ही ओढ सुटण्याचा धोका असतो. गाडी मोकळी धावली. भाच्याने दोन्ही ब्रेक दाबून वळणाआधी थांबवली खरी, पण त्याच्या आईचा चेहरा आम्ही पाहिला. मुलांना ट्रॅक्टोरोनवर बसवायचा विषय तिथेच संपला.

दुपारचे पावणेतीन. डिसेंबरात सूर्य पावणेपाचच्या आत मावळतो. मोबाईलला रेंज नाही. आमच्यात मामा होते, वय अठ्ठ्याहत्तर, तरुणपणी परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये नोकरी आणि घरी लॅम्ब्रेटा. त्यांनी आधी घड्याळ पाहिले. “चार वाजेपर्यंत बघू. नाही जमले तर ट्रेलर इथवर आणून चढवू. अंधारात कोणी काही करायचे नाही.” हा निर्णय आधीच झाला म्हणून पुढचा तास घाईगर्दीत गेला नाही.

भाचा पेचकस घेऊन तयारच होता. “मामा, आयडलिंगचा स्क्रू थोडा आवळतो.”

“थांब रे बाबा. डॉक्टर आधी जीभ बघतो, मग सुई टोचतो.”

मुले भोवती जमली तेव्हा मामांनी वाळूवर काडीने चित्र काढून सांगितले. पेट्रोल नुसते जळत नाही, त्याला हवा लागते, वजनाने साधारण १५ भाग हवेला १ भाग पेट्रोल. हे मिश्रण करतो कार्बोरेटर. हिब्रूत त्याला ‘मेआयेद’ म्हणतात, म्हणजे वाफ करणारा. त्याच्यात पेट्रोलची दोन मुख्य भोके. रेस दाबली की मोठे, मेन जेट. अंगठा उचलला की छोटे, पायलट जेट. चोक ओढला म्हणजे मिश्रणात पेट्रोल वाढते.

“आता सांगा,” मामा म्हणाले, “चोक ओढून चालतो, रेस दाबून चालतो, अंगठा सोडला की मरतो. कोणाचे पोट खाली आहे?”

दहा वर्षांच्या नातीने सांगितले, “छोट्या भोकाचे!”

तरी मामांनी लगेच कार्बोरेटर उघडला नाही. आधी फुकटातले उपाय. पेट्रोलचा कॉक पूर्ण उघडा आहे ना? आहे. टाकीचे झाकण काढून कान लावला. झाकणाचे हवेचे छिद्र बुजले असेल तर झाकण उघडताना फुस्स आवाज येतो, आणि मग गाडी थोडा वेळ नीट चालते. आवाज आला नाही. हवेची जाळी काढली, पांढरी फट्ट. भाच्याला वाटले चोर सापडला. मामांनी जाळी झटकली आणि इंजिन थोडे निवल्यावर स्पार्क प्लग काढून दाखवला. जाळी तुंबली तर हवा कमी पडते, पेट्रोल जास्त होते आणि प्लग काजळी धरून काळा होतो. हा तर पांढरट होता. नीट चालणाऱ्या गाडीचा प्लग चहासारखा तांबूस दिसतो. पांढरा म्हणजे पेट्रोल कमी पडते आहे, किंवा कुठून तरी चोरून हवा आत शिरते आहे. म्हणून कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबरी नळा हाताने वाकवून चिरा पाहिल्या, पट्टी आवळली. नळा चांगला होता.

उंचीचीही थोडी भर असावी. हजार मीटर वर गेले की हवा साधारण दहा टक्के विरळ होते, खाली उतरले की तेवढीच दाट. जे मिश्रण दिमोनाला कसेबसे पुरत होते, ते इथे आणखी पातळ झाले. मामांच्या मते खाली ऊब जास्त असल्यामुळे यातला काही फरक कमीही होतो, म्हणून सगळा दोष उताराला देऊ नये.

मग प्रश्न आला, “शेवटचा कधी चालवला होतास?” उत्तर : रोश हाशनाच्याही पुष्कळ आधी. टाकीतले पेट्रोल तेव्हापासूनचेच. कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून पेट्रोल बाटलीत काढले तर रंग गडद आणि वास वॉर्निशचा. जुने पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट राळ ठेवते. मोठ्या भोकाचे त्याने फारसे बिघडत नाही, केसाएवढ्या भोकाचे मात्र बिघडते.

कॉक बंद केला, इंजिन गार झाले होते, सिगारेटवाल्यांना लांब पाठवले. खाली पांढरी चादर अंथरली, कारण या मातीत एक जेट पडला तर पुन्हा सापडायचा नाही. वाटी काढली, पायलट जेट काढून मामांनी आकाशाकडे धरला. अंधार. भाचा टाचणी शोधू लागला तेव्हा मामा रागावले. पोलादाने भोक मोठे होते आणि मग गाडी कायमची बिघडते. जुन्या वायरमधली तांब्याची एक बारीक तार काढली, ती हलकेच फिरवली, जीपमधल्या ताज्या पेट्रोलने धुतले आणि टायरच्या पंपाने फुंकले. पुन्हा आकाशाकडे धरले तेव्हा प्रत्येकाला एकेकदा बघायला मिळाले : सुईच्या टोकाएवढा उजेड. मिश्रणाच्या स्क्रूला मामांनी हात लावू दिला नाही. लावायचाच असेल तर आधी किती फेरे आवळला जातो ते मोजून कागदावर लिहावे.

टाकी रिकामी करून ताजे पेट्रोल भरले, सगळे जोडले. चार वाजायला दहा मिनिटे. चोक ओढून सुरू केला, मिनिटभराने चोक आत. चालूच राहिला. इंजिन तापल्यावर आयडलिंगचा मोठा स्क्रू अर्धा फेरा फिरवला, जास्त नाही, कारण आयडलिंग वाढले की ही गाडी रेस न देताच पुढे सरकते. मग हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवून पाहिले. आवाज बदलला असता तर रेसची केबल ओढली जाते असे समजायचे. आवाज तसाच राहिला.

“आमच्या लॅम्ब्रेटाला तर असे आडवे करून सुरू करायचो,” मामींनी अंग वाकवून दाखवले आणि म्हातारी मंडळी सगळी हसली. बजाजवाल्यांनाही ते ठाऊक होते. मुलांना काही कळले नाही. नव्या ट्रॅक्टोरोनमध्ये बहुधा कार्बोरेटर नसतोच, कॉम्प्युटर पेट्रोल मोजून देतो. पण शेतांवर आणि मोशावांमध्ये जुन्या गाड्या अजून पुष्कळ आहेत. त्या महिनाभराहून जास्त उभ्या राहणार असतील तर कॉक बंद करून वाटीतले पेट्रोल काढून ठेवावे, पाच मिनिटांचे काम आहे.

उरलेला उतार भाचा एकटाच, सावकाश उतरला, जीप मागे ठेवून, म्हणजे मैदा आम्ही खाल्ला. खाली पोहोचलो तेव्हा पलीकडचे मोआबचे डोंगर गुलाबी झाले होते आणि नेओत हाकिकारच्या बाजूला ढोबळ्या मिरचीच्या जाळीघरांपाशी दिवे लागत होते.