बैठकीपूर्वीची बैठक

भाषांतरकाराच्या चुकीने फार तर वाक्य मोडते, असा माझा अनेक वर्षे समज होता. गेल्या हिवाळ्यात दिल्लीतील काही मराठी कुटुंबांसाठी आम्ही चौघांनी दोन दिवसांचे ताकदीच्या व्यायामाचे शिबिर भरविले, तेव्हा तो फिटला. एक प्रशिक्षक, एक डॉक्टरबाई, वजने हाताळणारा एक तरुण आणि माहितीपत्रक मराठीत करणारा मी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्यातून निदान दोन दिवस असा व्यायाम सुचविला आहे. तेवढे मी बिनचूक उतरविले. पुढे मात्र 'स्क्वॉट'साठी बेधडक 'बैठक' लिहून मोकळा झालो. तालमीतल्या बैठकीत खाली जाताना टाचा उचलायच्या, हात झुलवायचे आणि चवड्यांवर तोल सांभाळायचा. खांद्यावर लोखंडी दांडा असला की टाचा जमिनीला खिळलेल्या हव्यात, भार पावलाच्या मध्यावर हवा. पत्रक मी प्रशिक्षकांना दाखविले नव्हते. मराठी शब्दांत त्यांनी काय पाहायचे, हा माझा तोरा!

बासष्टीचे एक गृहस्थ, लहानपणी कोल्हापुरात तालमीत घुमलेले, वीस किलोचा दांडा खांद्यावर घेऊन माझ्या शब्दाबरहुकूम खाली गेले. टाचा उचलल्या, तोल पुढे गेला. "धरा!" असे डॉक्टरबाई म्हणाल्या, "थांबा!" असे मी. तरुणाने आपले टोक उचलले, माझे तसेच राहिले. दांडा तिरपा होऊन मानेवर घसरला आणि गृहस्थ गुडघ्यांवर आले. खरचटण्यावर निभावले, पण त्यांच्या पत्नींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती अद्याप विसरता येत नाही.

शिबिरातल्या बैठकीपूर्वी आमची एकही बैठक झाली नव्हती! ती त्या रात्री झाली, बरीच कडू झाली. दांड्याजवळ आज्ञा फक्त प्रशिक्षकांनी द्यावी आणि 'तीन' म्हणताच दोन्ही टोके एकदम उचलावीत, असे ठरले. गुडघ्यांची नि रक्तदाबाची चौकशी डॉक्टरबाईंनी आधीच करावयाची. मी 'भारबैठक' असा शब्द घडवून त्याखाली 'टाचा टेकलेल्या' असे ठळक लिहिले.

दुसऱ्या दिवशी गृहस्थ आले, पत्नीही आल्या. त्यांनी नवे पत्रक शब्दन् शब्द वाचले. "हे कोणी तपासले?" मी प्रशिक्षकांची सही दाखविली. मग पदर खोचून त्यांनी पंधरा किलोचा दांडा मागितला.