चौकटीतली माणसे

छापखाना नको, कागद नको, विक्रेता नको. चित्र काढणारा हात, एक संगणक आणि इंटरनेटची जोडणी एवढ्या भांडवलावर चित्रकथा जगापुढे ठेवता येते, असे वेबकॉमिकविषयी नेहमी सांगितले जाते. ते खरे असले तरी अर्धेच खरे आहे. चित्रकथा जगापुढे ठेवणे सोपे झाले. ती जगाने पाहावी, दुसऱ्या खेपेस आठवणीने पाहावी, आणि जिची गोष्ट आपण काढली तिनेही ती पाहून मान्य करावी, हे मात्र पूर्वीइतकेच कष्टाचे राहिले आहे. या शाळेचे माजी विद्यार्थी असलेले आम्ही तिघे गेली तीन वर्षे हे कष्ट करीत आहोत. आमच्यातील एक चित्रे काढते, एक संवाद लिहितो आणि एक संकेतस्थळ सांभाळतो. त्या अनुभवातून जे हाती लागले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडीत आहोत.

आमच्या मालिकेचे नाव ‘पेटी’. वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही हे नाव समजावून सांगावे लागत नाही. पत्र्याची, कोपऱ्यांवर रंग उडालेली, झाकणावर आतून वेळापत्रक आणि एखादे चित्र चिकटवलेली ती पेटी हे आपल्या प्रत्येकाचे घर होते. मालिकेच्या प्रत्येक भागात एक पेटी उघडते आणि तिच्यातील एका वस्तूची गोष्ट सांगितली जाते. कधी ती वस्तू गावाहून आलेली लोणच्याची बरणी असते, कधी मोठ्या भावाचा सैल शर्ट, कधी कुलपाची हरवलेली किल्ली.

ही कल्पना सुचली ती भित्तिपत्रकाच्या संस्कारातून. जेवणाच्या रांगेकडे जाताना मुले भिंतीपाशी क्षणभर थांबत. तेवढ्या क्षणात चित्राने त्यांना धरून ठेवले तरच खालचा मजकूर वाचला जाई. आजचा वाचक हातातील फोनवर अंगठा सरकवीत जातो, त्याचीही रीत तीच आहे. चित्रकथेच्या जगाने हे फार लवकर ओळखले. अमेरिकेत १९९८ साली सुरू झालेली ‘पेनी आर्केड’ किंवा २००५ साली सुरू झालेली, काडीमाणसांची ‘एक्सकेसीडी’ या मालिका संगणकाच्या आडव्या पडद्यासाठी घडल्या. दक्षिण कोरियात २००३ साली ‘दाउम’ने आणि २००४ साली ‘नेव्हर’ने वेबटूनची दालने उघडली, आणि तेथे वरून खाली उलगडत जाणाऱ्या उभ्या चित्रपट्टीची पद्धत रुळली. पुढे फोन घरोघर पोहोचले तेव्हा ही उभी पट्टी त्यांना जणू मापून शिवल्यासारखी बसली. आपल्याकडे रचिता तनेजा यांनी २०१४ साली ‘सॅनिटरी पॅनल्स’ सुरू केली. साध्या रेघांच्या माणसांतूनही सत्तेला आणि समाजाला टोकदार प्रश्न विचारता येतात, हे त्या मालिकेने दाखविले. मराठी वाचकांना तर १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये रोज भेटणाऱ्या ‘चिंटू’मुळे, चार चौकटींत घर मावते याची सवयच होती.

आम्ही उभी पट्टी निवडली, कारण आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी संगणक नाही, फोन आहे. त्या निवडीमागून इतर निर्णय आले. अक्षर मोठे हवे. एका फुग्यात दोन-तीन ओळींहून अधिक मजकूर नको. चित्राची फाइल हलकी हवी, कारण डोंगराआडच्या वस्तीत जोडणी मंद असते आणि डेटाचे पैसे मोजावे लागतात. चित्रे काढण्यासाठी ‘क्रिटा’ हे विनामूल्य आणि मुक्त सॉफ्टवेअर घेतले. देवनागरीचा प्रश्न निराळाच होता. चित्रकलेच्या अनेक सॉफ्टवेअरांत जोडाक्षरे फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी मागे जाऊन बसते. म्हणून फुग्यातील मजकूर कोठे टंकित करावयाचा आणि चित्रावर कसा आणावयाचा, याची पक्की रीत बसवावी लागली. जुन्या पद्धतीचे, युनिकोड नसलेले फाँट आम्ही वर्ज्य केले. मुंबईच्या ‘एक टाइप’ने मुक्त परवान्याखाली दिलेला ‘बालू’ हा गुबगुबीत, हसरा फाँट फुग्यांना शोभला. चित्रात कोरलेला मजकूर शोधयंत्राला भरवशाने वाचता येत नाही, आणि दृष्टिहीन वाचकाच्या फोनलाही तो दरवेळी नीट वाचून दाखविता येत नाही. यासाठी प्रत्येक भागाखाली संपूर्ण संवाद आणि चित्राचे शब्दवर्णन साध्या मजकुरात देण्याचा नियम केला.

पहिला भाग प्रसिद्ध होण्याआधी आमच्याकडे बारा भाग तयार होते. पंधरा दिवसांनी एक या हिशोबाने ती सहा महिन्यांची शिदोरी झाली. नोकरी, बाळंतपण, परीक्षा, आजारपण ही कारणे खरी असली तरी वाचक ती मोजीत नाही. तो ठरलेल्या रविवारी येतो, काही नसले तर एकदा परत येतो, आणि नंतर येणे सोडतो.

या बारा भागांतील चौथा भाग आमच्यातील एकाच्या आईचा होता. दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातील हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर फेडावयाची असते. मुलांना मागे ठेवावे तर शाळा टिकते, बरोबर न्यावे तर मूल फडात वाढते. त्या वर्षी या माउलीने मुलाला वसतिगृहात ठेवले आणि ती गाडीत बसली. संवाद लिहिले गेले, कच्ची चित्रे झाली. शेवटच्या चौकटीत ती डोळ्याला पदर लावून उभी होती.

आमचा पहिल्यापासूनचा नियम असा होता की, ज्याची गोष्ट त्याला ती आधी दाखवावयाची. आम्ही कच्ची चित्रे कागदावर छापून घेतली आणि तिच्याकडे गेलो. तिला अक्षरओळख नाही. मुलाने एकेक फुगा वाचून दाखविला. ती प्रत्येक चौकटीवर बोट ठेवीत गेली, शेवटच्या चौकटीवर थांबली आणि म्हणाली, “पोरांनो, कोयता काढा, मोळी काढा, काय काढायचं ते काढा. पण मला रडताना काढू नका. मी त्या दिवशी रडले नव्हते. पेटीला नवं कुलूप घ्यावं लागल, तेवढे पैसे उचलीतून निघतील का, ह्याचा हिशोब चालला होता माझ्या डोक्यात.”

शेवटची चौकट नव्याने काढली गेली. आता तीत एक स्त्री बोटांच्या पेरांवर मोजीत आहे, आणि तिच्यासमोर दुकानाच्या दाराला कुलपांची माळ टांगलेली आहे. एवढेच. आमच्या मालिकेतील सर्वांत अधिक वाचली गेलेली चौकट तीच आहे.

जूनमध्ये शाळा उघडते त्या पंधरवड्यात आम्ही मालिका प्रकाशित केली, कारण तेव्हाच घरोघर पेट्या भरल्या जातात. जाहिरातीला पैसे नव्हते. तेव्हा आम्ही तीन मार्ग धरले. पहिला मार्ग आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या तुकडीवार व्हॉट्सअ‍ॅप गटांचा. पण तेथे अख्खा भाग पाठवावयाचा नाही. पहिल्या चार चौकटी आणि पुढे संकेतस्थळाचा दुवा. गटात वाचलेली गोष्ट शंभर निरोपांखाली गाडली जाते. संकेतस्थळावर आलेला वाचक मागचे भागही उघडतो. दुसरा मार्ग भिंतीचा. शरद शर्मा यांच्या ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’ने गावोगावच्या सामान्य माणसांना चार चौकटींची भित्तिचित्रकथा काढावयास शिकविले, साध्या कागदावर काळ्या रेघांनी काढावयाची, झेरॉक्स करावयाची आणि चावडीवर, चहाच्या टपरीवर, शाळेच्या भिंतीवर लावावयाची. त्या रीतीने आम्ही एकेका भागाचे चार चौकटींचे पत्रक केले, कोपऱ्यात क्यूआर संकेत छापला, आणि ग्रंथालये, एसटी स्थानके व वसतिगृहे येथे परवानगी घेऊन लावले. तिसरा मार्ग सर्वांत संथ होता: प्रत्येक वाचकाच्या पत्राला उत्तर देणे. आज आम्हाला गोष्टी पुरविणारे निम्मे लोक या तिसऱ्या मार्गाने आलेले आहेत.

प्रसाराबरोबर त्याची दुसरी बाजूही आली. कोणी एक चौकट कापून, मालिकेचे नाव गाळून, वर सुविचार लिहून पुढे पाठविली आणि ती गटागटांतून फिरली. अशा फिरण्याला आवर घालता येत नाही. तेव्हापासून प्रत्येक चौकटीच्या तळाशी, रेघेतच गुंफलेले, मालिकेचे नाव आणि पत्ता येऊ लागले. कापणाऱ्याला आता चित्रच कापावे लागते.

पैशाचा प्रश्न यथावकाश उभा राहिला. संकेतस्थळाचे भाडे, नावाचे नूतनीकरण, पत्रकांची छपाई हा खर्च थोडा असला तरी दरवर्षी येतो. बाहेरच्या जगात याची दोन उदाहरणे आम्हाला फार शिकवून गेली. ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’ या मालिकेचे कर्ते रिच बर्ल्यू यांनी २०१२ साली जुनी पुस्तके पुन्हा छापण्यासाठी वाचकांकडे सुमारे ५८ हजार डॉलर मागितले. वाचकांनी साडेबारा लाखांहून अधिक दिले. त्यामागे कित्येक वर्षे विनामूल्य दिलेली गोष्ट होती. दुसरे उदाहरण फ्रान्सच्या डेव्हिड रेवॉय यांचे. २०१४ साली सुरू झालेली त्यांची ‘पेपर अँड कॅरट’ ही छोट्या जादूगारीणीची मालिका मुक्त परवान्याखाली आहे: कर्त्याचे नाव राखून कोणीही ती छापावी, भाषांतरित करावी, विकावी. वाचक स्वेच्छेने दर भागाला वर्गणी देतात, स्वयंसेवक ती अनेक भाषांत नेतात, आणि ग्लेना या मोठ्या प्रकाशनगृहानेही ती पुस्तकरूपाने छापली.

त्यांचा वर्गणीचा मार्ग आम्ही घेतला, परवान्याचा घेतला नाही. जादूगारीण कल्पनेतली आहे. तिचे चित्र कोणी कशावरही छापले तरी तिला घरी जाऊन शेजाऱ्यांना तोंड द्यावे लागत नाही. आमच्या चौकटीतली माणसे खरी आहेत. मालिका दोन वर्षांची झाली तेव्हा एका कंपनीने आम्हाला बरी रक्कम देऊ केली. करारात सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमचे मागितले होते, आणि चित्रांत ‘आवश्यक ते बदल’ करण्याची मुभाही. वकिली करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने आमच्यासमवेत बसून तो करार ओळीओळीने वाचला. त्या रकमेत आमच्यातील एकाचे शिक्षणकर्ज फिटले असते, म्हणून निर्णय हलका नव्हता. शेवटी प्रश्न एवढाच उरला: ती बोटांवर हिशोब करणारी स्त्री उद्या एखाद्या कर्जाच्या किंवा कुलपाच्या जाहिरातीत पुन्हा रडताना दिसली, तर तिला आम्ही काय सांगणार? आम्ही नकार कळविला. कर्जाचे हप्ते अद्याप चालू आहेत.

स्वतंत्र प्रकाशनाची किंमत आपल्या समाजाला नवी नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ पाक्षिक सुरू केले, तेव्हा छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले होते. आणि पैसे देऊ करूनही त्याची जाहिरात छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता. आमची छोटी मालिका त्या कार्याच्या जवळपासही जात नाही. तरी त्या इतिहासातून एक साधा बोध घेता येतो. आपली गोष्ट आपल्या नावाने, आपल्या पत्त्यावरून निघत राहावी, यासाठी वर्गणीदार लागतात. फोन बदलतील, आजची लोकप्रिय दालने बंद पडतील. म्हणून ‘पेटी’चा प्रत्येक भाग आधी आमच्या संकेतस्थळावर येतो आणि त्याची एक छापील प्रत कपाटात जाते. वर्गणी देणाऱ्यांत निवृत्त शिक्षक आहेत, पोलीस शिपाई आहेत, परिचारिका आहेत, परदेशी गेलेले अभियंते आहेत. काही जण महिन्याला वीस रुपये देतात. खर्च भागतो, मानधन अजून निघत नाही.

माजी विद्यार्थी मित्रहो, आणि पालकहो, आमची मागणी थोडी आहे. आपल्या पेटीत काय होते ते आम्हाला कळवा. लिहिता येत नसेल तर फोनवर सांगा. आम्ही लिहून घेऊ. वऱ्हाडी, अहिराणी किंवा गोंडी बोलणाऱ्यांनी फुग्यांतील भाषा तपासून द्यावी, कारण शाळेबाहेर माणसे प्रमाण मराठीत बोलत नाहीत. आज वसतिगृहात असलेल्या ज्या मुलामुलींना स्वतःची चित्रकथा सुरू करावयाची आहे, त्यांनी प्रथम सहा भाग पूर्ण करावेत आणि मगच पहिला प्रसिद्ध करावा. साधने कोणती घ्यावीत ते आम्ही शिकवू, त्यासाठी शुल्क नाही. आणि गोष्ट दुसऱ्याची असेल तर ती त्याला दाखविल्यावाचून प्रसिद्ध करू नये, एवढी एकच अट आम्ही घालू.

‘पेटी’चा पुढील भाग भोजनगृहातील मावशींचा आहे. चित्रे तयार आहेत. मावशींनी ती पाहिली, पातेल्याचा आकार दुरुस्त करविला, आणि शेवटी म्हणाल्या, “आता चालेल.” तो येत्या रविवारी प्रसिद्ध होईल.